गुत्त्यातलं गुत्तं
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



अध्यक्षसाहेबांनी मला बांधकामावर चार शब्द बोलायला सांगितलं. विषय मीच निवडला. आपण घर गुत्त्यावर देतो, तेव्हा ते नेमकं बांधतं कोण? पुण्या-मुंबईहून आलेल्या जावईबापूंना गुत्ता म्हटलं की भलतंच आठवतं. आपल्या मराठवाड्यात गुत्तं म्हणजे दर ठरवून घेतलेलं काम, आणि ते घेणारा गुत्तेदार. मी तोच धंदा करतो.

25 वर्षांपूर्वी आपल्या सोसायटीत दोन खोल्या आणि पुढं ओटा, एवढंच घर असायचं. आता लेकरं मोठी झाली, सुना आल्या, कित्येक घरांवर दुसरा मजला चढतोय. म्हणून हे बोलणं कामाचं आहे.

मालक एका गुत्तेदाराशी बोलतो, फुटाचा दर ठरतो, नारळ फुटतो. पुढं गुत्तेदार काय करतो? खोदाई एकाला देतो, सेंट्रिंग दुसऱ्याला. सळई बांधणारे वेगळे. स्लॅबच्या दिवशी मिक्सरवाली टोळी येते आणि संध्याकाळी निघून जाते. मग विटांचा मिस्त्री, गिलाव्याचा मिस्त्री, लाईटवाला, नळवाला, फरशीवाला, रंगवाला. साध्या घरावर आठ-दहा पोटगुत्तेदार होतात. मालकाला वाटतं, ही सगळी गुत्तेदाराची घरची माणसं. तसं नसतं, सेंट्रिंगवाल्याची एकाच वेळी तीन ठिकाणी कामं चालू असतात. यात फसवणूक काही नाही. फरशी कापणाऱ्यानं सळई बांधू नये, हेच बरं. पूर्वीही सुतार, लोहार, गवंडी वेगळेच होते की.

बिघडतं ते एकाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं तिथं. आपली काळी माती केळीला सोनं आहे, पण पायाला वैरी. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. पाया तिच्याखाली मुरमापर्यंत न्यावा लागतो. खोदाईवाल्याचं गुत्तं पाच फुटांचं, आणि मुरूम लागतो सात फुटांवर. मधले दोन फूट कुणाचे? कागदावर ‘पाच फूट’ लिहिण्याऐवजी ‘मुरूम लागेपर्यंत, वरच्या फुटाला अमुक दर’ असं लिहिलं, तर भांडणच उरत नाही. बाथरूमचंही तेच. गळती लागली की नळवाला म्हणतो, ‘‘फरशीवाल्यानं पाइप हलवला.’’ फरशीवाला म्हणतो, ‘‘मी आलो तेव्हाच ओल होती.’’ उपाय साधा आहे. फरशी बसवण्याआधी बाथरूममध्ये पाणी तुंबवून ठेवायचं, दोन दिवसांनी खालून बघायचं, आणि तेव्हा नळवाला, फरशीवाला, गुत्तेदार तिघंही हजर पाहिजेत.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाणी मारणं. मी किती घरी विचारलंय, ‘‘पाणी कोण मारतं?’’ मालक म्हणतो, ‘‘दरात आलं ना!’’ मिस्त्री म्हणतो, ‘‘माझं काम स्लॅब भरण्यापुरतं.’’ मग ते काम घरातल्या म्हाताऱ्या आईवर येतं, किंवा कुणावरच नाही. काँक्रीटच्या भारतीय मानकात साध्या सिमेंटला किमान 7 दिवस आणि मिश्र सिमेंटला 10 दिवस ओलावा सांगितलाय. आज दुकानात मिळतं ते बहुतेक मिश्रच. आपला एप्रिल-मे, त्यात बोअर आटलेला. दहा दिवसांचं पाणी आणि ते मारणारा माणूस, दोन्हींची तजवीज स्लॅबच्या आधी व्हायला पाहिजे. मी त्याला वेगळी मजुरी लावतो. मालक कुरकुर करतात. करू द्या.

पैशाचं बोलतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. तिथल्या दगड-मातीच्या रुंद भिंतींना आरपार जाणारा दगडच नव्हता, म्हणून भिंतीचे दोन पदर सुटले आणि वरचं जड माळवद माणसांवर आलं. पुढं 52 गावं नव्या जागेवर वसली. इतर बऱ्याच गावांत मात्र घरमालकानंच घर दुरुस्त करायचं, मिस्त्री त्यानंच लावायचा, अशी योजना होती. पैसे मिळायचे हप्त्यानं, आणि पुढचा हप्ता आधीचं काम बघून. माणूस तोच, मिस्त्री गावातलाच, पण हप्ता कामाला बांधलेला. आपण मात्र उचल देतो सणाला, लग्नाला, शाळेच्या फीला. हिशेब ठेवून दिलं तर हरकत नाही, पण जोत्याचा पैसा जोतं झाल्यावर आणि स्लॅबचा सेंट्रिंग खोलल्यावर द्यावा. थोडी रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत हाताशी ठेवावी, आणि ते पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं. शेवटी अडवून धरली तर भांडण होतं.

आता ज्यांच्याविषयी कुणी बोलत नाही, त्यांच्याविषयी. एका गावात स्लॅब भरताना फळी सरकली आणि एका बिगाऱ्याचा पाय मोडला. सेंट्रिंगवाला म्हणाला, तो मिक्सरवाल्याचा माणूस. मिक्सरवाला म्हणाला, मी आजच्यापुरता आणला होता. तो बिगारी आठ महिने घरी बसला. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यापासूनचं तत्त्व असं, की पोटगुत्तेदाराच्या मजुराला अपघात झाला तरी मुख्य गुत्तेदाराला हात झटकता येत नाहीत; भरपाई द्यायची, आणि नंतर पोटगुत्तेदाराकडून वसूल करायची. माझ्या धंद्यातल्या कित्येकांना हे कानाला गोड लागत नाही. दुसरं, बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आज याच्याकडं, उद्या त्याच्याकडं राबणाऱ्याला 90 दिवसांची सही देणार कोण? मी हजेरीवही पोटगुत्तेदाराकडं सोडत नाही, स्वतः ठेवतो, बायामाणसांची नावंसुद्धा. वही असली की सही देताना हात थरथरत नाही.

या उन्हाळ्यात ज्यांच्या घरावर मजला चढणार आहे, त्यांनी एका रविवारी सगळ्या पोटगुत्तेदारांना एकत्र बोलवावं. चहा ठेवावा, आणि मुरूम, बाथरूम, पाणी, हजेरी या चार गोष्टी प्रत्येकासमोर कागदावर लिहून घ्याव्यात. कागदाचा नमुना मी ऑफिसात ठेवलाय. सचिवांकडून झेरॉक्स घ्या.