वणव्याचा धूर आणि आपले घर



आजचा विषय घरातला आहे. आपल्या संग्रामपूर तालुक्याच्या उत्तरेला सातपुडा उभा आहे. तिथले अंबाबरवा अभयारण्य मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. होळीच्या सुमारास सागाचा पाला गळतो, गवत वाळते आणि एक ठिणगी पुरते. वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतो. कुणी मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवतो, कुणी जळती बिडी टाकतो. इकडे शेतात पऱ्हाट्या आणि धसकटे पेटवली जातात. रात्री डोंगरावरची थंड हवा उताराने खाली येते आणि धूर सोबत आणते. म्हणून पायथ्याच्या गावांत पहाटे धूर दाट असतो. ऊन चढले की तो बहुधा वर उठतो.

या धुरातले खरे भय डोळ्यांना दिसत नाही. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे, फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अशा कणांची दिवसाची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम सांगितली. आपल्या देशाचे मानक ६० आहे. धूर सीमा मानत नाही. २०२३ च्या जूनमध्ये कॅनडातील वणव्यांच्या धुराने शेकडो मैलांवरचे न्यूयॉर्क शहर नारिंगी केले होते.

मग घरात काय करावे? पहिली गोष्ट, एक खोली निवडा. ती चुलीपासून दूर आणि कमी फटींची असावी. धूर दाट असेपर्यंत तिची दारे-खिडक्या लावा, फटींत जुन्या लुगड्याच्या पट्ट्या कोंबा. तान्ही बाळे, गरोदर भगिनी, म्हातारी माणसे आणि दम्याचे रुग्ण यांना तिथे बसवा.

दुसरी गोष्ट, त्या खोलीत नवा धूर करू नका. चूल, बिडी, अगरबत्ती, मच्छर अगरबत्ती सगळे बंद. एक मच्छर अगरबत्ती पूर्ण जळली तर ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. डासांसाठी मच्छरदाणी लावा. कोरडा झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा. आणि बंद खोलीत शेगडी कधीच पेटवू नका. तिच्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

तिसरी गोष्ट कूलरची. आपला कूलर बाहेरची हवा आत ओढतो. त्याच्या ओल्या ताट्या धूळ अडवतात, पण धुराचे बारीक कण अडवत नाहीत. म्हणून दाट धुरात कूलर म्हणजे धुराला आमंत्रणच. मात्र मे महिन्याच्या दुपारी खोली कोंडून उष्माघात ओढवून घेऊ नका. तेव्हा उन्हाचा धोका आधी पाहा. अंगावर ओले कापड घ्या, पंखा लावा, पाणी प्या आणि धूर विरळ होताच खिडक्या सताड उघडा.

नाकावरचा रुमाल किंवा दुपट्टा धूळ अडवतो, धूर नाही. बाहेर जाणे भागच असेल तर चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरा. विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. अमेरिकेत २०२० साली चौकोनी पंख्याला चार बाजूंनी दाट गाळण्या लावून हवा शुद्ध करण्याची स्वस्त पेटी निघाली. साधा पंखा हवा नुसती फिरवतो. ती स्वच्छ होते गाळणीमुळे.

आता मनातली गोष्ट. माझी आई आयुष्यभर चुलीपुढे खोकत राहिली. तिच्या कवेलूच्या घरात बंद करण्यासारखी खोलीच नव्हती. आजही आपल्या वस्तीत अशी घरे आहेत. त्यांना "खोली बंद करा" म्हणणे म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगणे होय. म्हणून या सभेपुढे माझी सूचना आहे. धुराच्या दिवसांत आपल्या विहाराचा स्लॅबचा हॉल वस्तीसाठी खुला ठेवावा. फटी बुजवाव्यात, पाण्याचा माठ भरून ठेवावा आणि तेवढे दिवस वंदना मेणबत्ती-अगरबत्तीशिवाय फुलांनी करावी. आजारी माणसाला मोकळा श्वास मिळाला, तर तीही करुणाच आहे.

कुणाला धाप लागली, छातीत दुखले किंवा ओठ निळे पडले, तर वाट पाहू नका. १०८ वर फोन करा. वणवा दिसला तर १९२६ वर वन विभागाला कळवा. आणि मोह वेचायचा तर पाला झाडून बाजूला करा, पेटवू नका. घराची हवा राखण्याची सुरुवात जंगलापासूनच होते.