खालचा सूर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला एकीने उठून आपल्या घरातल्या एखाद्या गोष्टीविषयी चार शब्द बोलावयाचे, असा आपला रिवाज आहे. आजवर कोणी आमसुलांविषयी बोलल्या, कोणी बाळंतिणीच्या खाण्याविषयी, कोणी गोधडीविषयी. यंदा माझे नाव निघाले. मी ‘बास गिटार’ हा विषय सांगितला, तेव्हा चिटणीसबाईंनी तो दोनदा विचारून घेतला आणि मग हसत हसत वहीत लिहिला. तुम्हीही हसा, माझी हरकत नाही. मी सातवी शिकलेली बाई. गाण्याची परीक्षा कधी दिलेली नाही. जे सांगणार आहे ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे राहून ऐकलेले, मुलाला विचारून घेतलेले आणि थोडे हात लावून पाहिलेले, एवढेच आहे.

हे वाद्य आमच्या घरी आले ते गेल्या वर्षी शिमग्यानंतर. आमचा मुलगा लोट्याला कारखान्यात कामाला जातो. रविवारी तो आणि त्याचे चार मित्र मिळून वाजवितात. पैशासाठी नव्हे, हौस म्हणून. एक गातो, दोघे गिटार वाजवितात, एक ड्रम. सगळ्यांनाच पुढे उभे राहावयाचे असते, म्हणून मागचे काम आमच्याकडे आले. एके दिवशी तो लांबलचक पिशवी पाठीला लावून घरात शिरला. बाहेर काढले तर गिटारच, पण मान हातभर लांब आणि तारा चारच. त्याही केवढ्या जाड! त्याने मोठ्या ऐटीने तार छेडली. आवाज म्हणाल तर नुसती कुजबुज. आमचे हे म्हणाले, “एवढे पैसे मोजून मुके वाद्य आणलेस होय रे?”

मग त्याने ते एका खोक्याला वायरने जोडले आणि पुन्हा तार छेडली. मांडणीवरची ताटे थरथरली, वरच्या फळीवरचा पितळी डबा किणकिणू लागला. मुके वाद्य बोलले ते असे.

आता हे आहे काय ते थोडक्यात सांगते. साध्या गिटारला सहा तारा. त्यांतल्या खालच्या सुराच्या चार तारा घ्या आणि एक सप्तक खाली उतरवा, म्हणजे बास गिटार. तारांना ई, ए, डी, जी अशी नावे आहेत. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, त्यापुढची ५५ वेळा. पेटीवर आपण सूर धरतो त्याच्या कितीतरी खालचा हा खर्ज. तंबोऱ्यातसुद्धा खर्जाची तार पितळेची आणि जोडीच्या पोलादी तारांहून जाड असते. तेच तत्त्व येथे आहे. तार जितकी लांब आणि जड, तितका सूर खाली. म्हणून या वाद्याची तार साधारण ३४ इंच लांब ठेवतात.

पूर्वी हे काम माणसाहून उंच अशा उभ्या सारंगीसारख्या मोठ्या वाद्यावर होत असे. ते गाडीत मावत नसे आणि ड्रमापुढे ऐकूही येत नसे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात लिओ फेंडर नावाचे गृहस्थ होते. ते मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांनी १९५१ साली ‘प्रिसिजन बास’ नावाचे विजेवर चालणारे, पडदे बसविलेले वाद्य विकावयास काढले. त्याआधी इतरांनीही प्रयत्न केले होते, पण लोकांच्या हातात गेले ते हे. आपल्याकडे मुंबईच्या सिनेमासंगीतातही ते आले. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बास गिटार वाजवीत. म्हणजे आपण सर्वांनी हे वाद्य वर्षानुवर्षे ऐकलेले आहे. फक्त ते ऐकतो आहोत हे आपल्याला ठाऊक नव्हते.

तारांच्या खाली लोहचुंबक आणि त्यावर गुंडाळलेली बारीक तार असते. वरची जाड तार हलली की त्या गुंडाळीत वीज उत्पन्न होते. सायकलच्या डायनामोची बहीणच म्हणा. ती वीज खोक्यात जाऊन मोठी होते आणि आवाज निघतो. खालचा सूर ऐकू येण्यासाठी पुष्कळ हवा हलवावी लागते, म्हणून यास स्पीकर मोठा लागतो. आणि खालचा सूर भिंतीलाही फारसे जुमानीत नाही. आमच्या शेजारच्या वहिनी येथे बसल्या आहेत. पहिले दोन रविवार त्यांनी काही न बोलता सोसले, याबद्दल सर्वांसमक्ष त्यांचे आभार मानते. आता संध्याकाळी सातनंतर खोका बंद असतो.

त्या पहिल्याच दिवशी एक गोष्ट घडली, आणि तिच्यासाठीच मी आज उभी आहे.

आमचे मामंजी ऐंशी ओलांडलेले आहेत. अनेक वर्षे वाडीच्या भजनात त्यांनी पखवाज वाजविला. अलीकडे त्यांना ऐकू येत नाही. आपण बोललेले ते ओठांवरून ओळखतात, नाहीतर नुसती मान हलवितात. घरात चार माणसे हसली, तर ते कशाला हसली हे त्यांना कोणीतरी मागाहून सांगावे लागते; आणि खरे सांगावयाचे तर, आम्ही नेहमी सांगत नसू. तर त्या दिवशी मुलाने दुसऱ्यांदा तार छेडली आणि माजघरातून मामंजी भिंत धरीत बाहेर आले. म्हणाले, “डाव्या तोंडावर कोण बसलाय?”

त्यांना वाटले, कोणी पखवाज वाजवितो आहे.

नंतर कानाच्या डॉक्टरांना विचारले, तेव्हा ते म्हणाले की म्हातारपणी बहुधा उंच सूर आधी जातात आणि खालचे जास्त दिवस टिकतात. शिवाय खालचा सूर खाटेतून, जमिनीतून अंगालाही कळतो. पेटी गेली, टाळ गेले, नातवंडांचे आवाज गेले. पण हा सूर मामंजींना पोचत होता.

आमचा पखवाज मात्र मुका झाला होता. २०२१ च्या जुलैत जगबुडीचे पाणी बाजारपेठेत शिरले, ते आमच्याही घरात आले. ते दिवस तुम्हाला सांगावयास नकोत. धान्य, गाद्या, मुलांची पुस्तके, सगळे गेले. पखवाज दोन दिवस पाण्यात होता. लाकूड वाचले, पण पुड्या कुजल्या. घर उभे करण्यापुढे पखवाजाची कोणाला आठवण? तो खुंटीला लागला तो लागलाच.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, हे आपल्यापैकी भजनाला बसणाऱ्यांना ठाऊक आहे. पुरीएवढी भिजवलेली कणीक कातड्याच्या मधोमध थापली की कातडे जड होते आणि आवाज खाली उतरतो, घुमतो. वाजवून झाले की ती खरवडून काढावयाची, नाहीतर वाळून कातडे बिघडते. आमच्या सासूबाई असताना एकादशीच्या दिवशी मामंजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन कणीक मागत आणि सासूबाई म्हणत, “उपासाच्या दिवशी घरात कणीक भिजते ती तुमच्या पखवाजाची!” पुढे ती भिजवावयाचे काम माझ्याकडे आले. पातळ झाली तर ओघळते, घट्ट झाली तर निसटते. पोळीच्या कणकेपेक्षा किंचित सैल हवी.

आणि एके दिवशी मुलगा त्याच दारात येऊन म्हणाला, “आई, भांडी घासायचा नवा स्पंज आहे का?” मला हसूच आले. तारा जेथे शेवटी अडकविलेल्या असतात, त्याच्याजवळ खाली त्याने स्पंजची पट्टी सरकवली. तार छेडल्यावर जी लांब शेपूट राहते ती तुटली आणि आवाज थपथपीत, गोल झाला. कणीक सूर खाली नेते. स्पंज सूर खाली नेत नाही, नुसता आवर घालतो. पण दोहोंची सोय स्वयंपाकघरातूनच झाली, याचा मला अभिमान वाटतो. अमेरिकेत डेट्रॉइटचे जेम्स जेमर्सन नावाचे थोर वादक १९६० नंतरच्या दशकात असेच दाबलेल्या आवाजात, उजव्या हाताच्या एका बोटाने वाजवीत आणि तुटेपर्यंत तारा बदलीत नसत, असे मुलाने सांगितले. गाण्याच्या तबकड्या लाखांनी खपल्या, पण त्या काळी वेष्टनावर त्यांचे नाव सहसा नसे.

आता घरातल्या भांडणाचे सांगते. हौशी वादकांना एक रोग असतो. आपला आवाज चांगला येत नाही, कारण आपले सामान हलके आहे, असे त्यांना वाटते. आमच्या मुलाचे मित्र तासन्‌तास तेच बोलत. गोल तारेच्या वेटोळ्याच्या तारा घ्याव्यात की चपट्या पट्टीच्या? पहिल्यांचा आवाज लखलखीत, पण बोट सरकले की किरकिरतात; दुसऱ्यांचा मऊ, आणि त्या वर्षानुवर्षे टिकतात. लोहचुंबक कोणते, पायाने दाबावयाची डबी कोणती, याला अंत नाही. शेवटी मुलाने हप्त्याने दुसरे महाग गिटार घ्यावयाचे ठरविले. यांनी साफ नाही म्हटले. दोघांचे बोलणे बंद झाले. मुलगा ताटावरून उठून गेला. आईच्या जिवाला ते कसे लागते, तुम्ही जाणता. माझा भिशीचा नंबर लागावयाचा होता, पंचवीस हजारांचा. ते पैसे यांना न सांगता मुलाला द्यावयाचे, असे मी मनात पक्के केले. हे येथे कबूल करताना मला लाज वाटते, पण कबूल करते.

त्याच आठवड्यात मुलगा मित्राच्या गाण्याबरोबर सराव करीत होता. मामंजी खाटेवर हात टेकून बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी मांडीवर ताल धरला आणि मान हलवू लागले, पण नकाराची. म्हणाले, “घाई करतोस. समेच्या आधी येतोस. आणि वाजवून झालं तरी हात सोडत नाहीस. डाव्याला गप्पही बसता आलं पाहिजे.”

मुलगा चिडला. आजोबांना गाणे ऐकूच येत नाही, मग कळले कसे? त्याने फोनवर टिकटिक वाजणारे यंत्र लावून पाहिले. खरोखरच तो प्रत्येक वेळी केसभर आधी येत होता. गाणे ऐकू येत नव्हते, म्हणूनच मामंजींना ते स्वच्छ कळले होते. त्यांच्यापर्यंत पोचत होता तो फक्त त्याचाच सूर.

त्या दिवसापासून तो महिनाभर नुसता हात शिकला. उजव्या हाताची पहिली दोन बोटे आळीपाळीने, पायाने चालल्यासारखी चालवावयाची. मानेकडे वाजविले तर आवाज गोल, शेवटाकडे वाजविले तर कडक. डाव्या हाताने पडद्यावर नव्हे, तर पडद्याच्या किंचित अलीकडे दाबावयाचे, म्हणजे जोर कमी लागतो. आणि सर्वांत कठीण म्हणजे थांबविणे: सूर जेथे संपावयाचा तेथे बोट ढिले करून तार शांत करावयाची. मीही करून पाहिले. दहा मिनिटांत बोटांना फोड आला. वर्षे काढलेल्या विळी-पाट्याच्या हाताला आला, हे विशेष.

सामानाचा दोष अगदी नव्हता असे नाही. आपल्या पावसाळी हवेत लाकूड फुगते, वाद्याची मान वाकते आणि तारा उंच उठतात. मानेच्या आत लोखंडी सळई असते; ती किल्लीने थोडी थोडी फिरवून त्याने मान सरळ केली आणि तारा खाली घेतल्या. तारांना गंज चढू नये म्हणून वाजविल्यावर माझ्या जुन्या लुगड्याच्या फडक्याने पुसतो. एवढ्याला खर्च किती? किल्लीपुरता. आवाज मात्र असा बदलला की हे दारात येऊन म्हणाले, “नवीन आणलेस की काय?” बापलेकांतले पहिले बोलणे ते.

भिशीचे पैसे आले, तेव्हा मी यांच्यासमोर ठेवले आणि मनात काय होते तेही सांगितले. थोडा वेळ हे काही बोलले नाहीत. मग त्यांनीच खुंटीवरचा पखवाज खाली काढला. त्या पैशांतून त्याला नव्या पुड्या आणि वादी घातली. उरले ते मी बँकेत टाकले. महाग गिटार मुलाने आपल्या पगारातून जेव्हा घ्यावयाचे तेव्हा घ्यावे. घेऊ नये असे माझे म्हणणे नाही, आधी हात आला पाहिजे एवढेच. मामंजींचे हात आता चालत नाहीत. पखवाज शेजारचा मुलगा वाजवितो. पण कणीक किती लावावयाची ते अजून मामंजीच बोटाने दाबून सांगतात.

भगिनींनो, शेवटी एक विनंती आहे. आपल्या मंडळाच्या आषाढीच्या भजनात पेटीच्या मागे हे वाद्य हळू आवाजात वाजवावे, असे मी बैठकीत सुचविले होते. भजनात विलायती वाद्य नको, असे काही जणींचे म्हणणे पडले. त्यांचा मान राखूनच सांगते की, आपली पेटीसुद्धा मूळची फ्रान्सची, १८४० च्या सुमाराची. आज तिच्यावाचून आपले भजन उभे राहत नाही. तरी हट्ट नाही. बहुमत होईल ते मला मान्य आहे. मतदानाआधी एकदा रविवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्याकडे या. पखवाज आणि हे वाद्य दोन्ही वाजतील. चहा मी करीन.

फक्त पुढच्या खोलीतली खाट तेवढी रिकामी ठेवा. तेथे मामंजी बसतात, आणि त्यांना ऐकू येते.