खाणीतील धूळ आणि तिची मोजणी

खाणीतील संकटे दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार अपघातांचा. छत कोसळते, जुन्या खाणीत साठलेले पाणी आत घुसते, ज्वालाग्राही वायूचा भडका उडतो, आणि क्षणार्धात अनेक संसार उघड्यावर पडतात. झरियाच्या कोळसाक्षेत्रात चासनाला येथे २७ डिसेंबर १९७५ रोजी पाणी शिरून ३७५ माणसे मृत्युमुखी पडली. ती वार्ता देशभर पोचली, चौकशी झाली आणि मृतांची गणना झाली. दुसरा प्रकार धुळीचा. त्याला आवाज नसतो. कामगार पंधरा-वीस वर्षे खाणीत राबतो. पुढे त्याला चढण चढताना दम लागतो, खोकला जडतो. तो काम सोडून गावी जातो आणि काही वर्षांनी तेथेच त्याचा अंत होतो. खाणीच्या दप्तरात त्याच्या नावापुढे 'काम सोडले' एवढाच शेरा उरतो. खाणकामगारांच्या आरोग्यावर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जे संशोधन झाले, त्याचा मोठा भाग हा शेरा खोडून तेथे मृत्यूचे खरे कारण लिहिण्याच्या खटपटीत खर्ची पडला आहे.

हे संकट अज्ञात होते असे नाही. अॅग्रिकोला या जर्मन पंडिताचा खाणविद्येवरील ग्रंथ १५५६ साली प्रसिद्ध झाला. कार्पेथियन पर्वतातील खाणींच्या मुलखात एकेका स्त्रीने सात-सात पती केले आणि ते सर्व याच रोगाने दगावले, अशी नोंद त्यात आहे. खाणीत हवा खेळती ठेवावी, धुळीपासून रक्षणासाठी तोंडावर पडदा घ्यावा, असे उपायही त्यात सुचविलेले आहेत. पुढे १७०० साली इटलीतील वैद्य रामाझिनी याने कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि वैद्याने रोग्याला विचारावयाच्या प्रश्नांत एका प्रश्नाची भर घातली : 'तुझा धंदा कोणता?' प्रश्न साधाच होता. परंतु पुढील दोन शतके तो फारच थोड्या वैद्यांनी विचारला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाबलेल्या हवेवर चालणारे छिद्रण यंत्र, म्हणजे कामगारांच्या बोलीतील ड्रिल, खाणीत आले. हाताच्या छिन्नीने दिवसभरात पडणारे भोक ते अल्पावधीत पाडू लागले आणि त्याच प्रमाणात धूळही उधळू लागले. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील अनेक खाणकामगार दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवालच्या सोन्याच्या खाणींत ड्रिल चालविण्यास गेले. थोड्याच वर्षांत ते परत आले ते मरण्यासाठी. धूळ ट्रान्सवालमध्ये उडाली. दफने मात्र कॉर्नवॉलच्या खेड्यांत झाली. जॉन स्कॉट हॉल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी या मृत्यूंचा शोध घेतला, तेव्हा मृतांपैकी कितीतरी जण ट्रान्सवालमध्ये ड्रिल चालवून आलेले होते आणि कारण दगडाची धूळ हेच होते, असे निष्पन्न झाले. मृत्यूचे ठिकाण आणि मृत्यूचे कारण यांच्यामध्ये एक महासागर पसरलेला असल्यामुळे हा संबंध कोणाच्या ध्यानी आला नव्हता.

यानंतर संशोधनाने तीन मोजमापे हाती घेतली. पहिले मोजमाप कणाचे. डोळ्यांना दिसणारी जाड धूळ नाकात व घशात अडकते आणि शिंकेवाटे किंवा थुंकीवाटे बाहेर पडते. फुफ्फुसाच्या अगदी टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात ते सुमारे पाच मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागापेक्षा लहान कण. गारगोटीच्या दगडातील सिलिकेचा असा कण आत शिरला, की शरीराची रक्षक पेशी त्याला गिळते. पण पचविता न आल्याने ती पेशीच मरते आणि कण पुन्हा मोकळा होतो. त्याला दुसरी पेशी गिळते, तीही मरते. या अखंड झुंजीत फुफ्फुसात कठीण व्रणांच्या गाठी बनत जातात. हाच सिलिकोसिस. हे व्रण विरघळविणारे औषध नाही, आणि काम सोडल्यावरही रोग वाढत राहू शकतो. शिवाय अशा फुफ्फुसात क्षयाचे जंतू सहज ठाण मांडतात.

दुसरे मोजमाप हवेचे. दक्षिण आफ्रिकेत सर रॉबर्ट कोत्झे यांनी कोनिमीटर हे छोटे उपकरण तयार केले. ठराविक हवा ओढून तिच्यातील धूळ काचेवर उमटवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजायचे, अशी त्याची रीत होती. खाणीतली हवा बरी की वाईट, हा आजवर मुकादमाच्या मताचा असलेला प्रश्न आता आकड्यांचा झाला. ड्रिलच्या पोकळ दांड्यातून पाणी सोडून ओल्या दगडात भोक पाडले, तर धूळ किती घटते, हेही मोजून दाखविता येऊ लागले.

या अभ्यासातून सर्व धूळ सारखी घातक नसते, हेही उघड झाले. फ्रान्समधील कूरिएर येथे १० मार्च १९०६ रोजी खाणीत स्फोट होऊन १,०९९ माणसे मरण पावली. हवेत उधळलेली कोळशाची भुकटी पेटून स्फोट खाणभर पसरला होता. त्यावर उतारा म्हणून कोळशाच्या खाणींतील बोगद्यांत चुनखडीची बारीक पूड पसरण्याची पद्धत रूढ झाली. आग रोखण्यासाठी पसरलेली ही पूड कामगारांच्या फुफ्फुसांना बाधू नये म्हणून तिच्यात सिलिकेचा अंश अत्यल्प असावा लागतो. एका संकटावरील उपाय दुसऱ्या संकटाच्या कसोटीवर घासून घ्यावा लागतो, तो असा.

तिसरे मोजमाप माणसांचे, आणि ते सर्वांत अवघड. भारतात कोलारच्या सोन्याच्या खाणी गारगोटीच्या शिरांत खोदलेल्या. तेथील ७,६५३ कामगारांच्या तपासणीचे निष्कर्ष १९४७ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा शेकडा सुमारे ४४ जणांत सिलिकोसिस आढळला. पण अशा तपासणीत हजेरीपटावरचा माणूसच सापडतो. ज्याचा दम आधीच संपला, तो हजेरीपटावरून उतरलेला असतो. म्हणूनच वेल्समधील कोळसा कामगारांचा अभ्यास करताना आर्ची कॉक्रन या वैद्याने १९५० नंतर वेगळा मार्ग धरला. ऱ्हाँडा फाख या खोऱ्यातील केवळ खाणींत न थांबता त्याचे पथक घरोघर गेले, आणि काम सोडून बसलेल्यांसह प्रौढ वस्तीतील बहुतेकांची क्ष-किरण छायाचित्रे घेण्यात आली. खाणीने विसरलेली माणसे या मोजणीत प्रथमच आली.

भारतातील १९५२ च्या खाण कायद्यात या विचाराचे बीज आहे. त्या कायद्याखाली सिलिकोसिस, न्युमोकोनिओसिस आणि मँगनीजची विषबाधा हे रोग अधिसूचित झाले. मँगनीजची धूळ फुफ्फुसावाटे जाऊन मज्जासंस्थेवर घाला घालते. चेहरा निर्विकार होतो, चाल अडखळते. नागपूर, भंडारा व बालाघाट या मँगनीजच्या पट्ट्याशी या रोगाचा संबंध उघड आहे. खाणकामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था १९९० साली कोलारला सुरू झाली. पुढे ती नागपुरास आली आणि २०१९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेत ती विलीन करण्याचा निर्णय झाला. ज्या कोलारच्या खाणींतून हे ज्ञान मिळाले, त्या २००१ मध्ये बंद झाल्या. व्रण मात्र खाणीबरोबर बंद होत नाहीत.

एकदा जिंकलेली लढाई कायमची जिंकली, असेही नाही. अमेरिकेत १९६८ साली फार्मिंग्टन येथील स्फोटात ७८ कामगार ठार झाले. पुढच्याच वर्षी कायदा होऊन कोळशाच्या धुळीला प्रथम ३ आणि नंतर २ मिलिग्रॅम प्रतिघनमीटर अशी मर्यादा ठरली. रोगाचे प्रमाण पुढील काही दशकांत उतरले. परंतु कोळशाचे थर पातळ होत गेले, यंत्रे कोळशाबरोबर आजूबाजूचा खडकही कापू लागली आणि धुळीतील सिलिकेचा अंश वाढला. व्हर्जिनियातील अवघ्या तीन दवाखान्यांत २०१३ ते २०१७ या काळात या रोगाच्या अत्यंत तीव्र अवस्थेचे ४१६ रुग्ण आढळले, असे २०१८ साली प्रसिद्ध झाले. मोजमापाची सवय सुटली, की रोग परत येतो.

१९५२ च्या कायद्यात एक छोटे पण मोलाचे कलम होते. खाणीत काम करीत असलेल्या किंवा पूर्वी केलेल्या माणसाला अधिसूचित रोग झाला आहे असे वाटल्यास, उपचार करणाऱ्या वैद्याने मुख्य निरीक्षकाला विनाविलंब लेखी कळवावे, असे ते सांगत असे. २०२० साली संसदेने संमत केलेल्या कामगार सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेतही त्याच आशयाची तरतूद आहे. 'किंवा पूर्वी केलेल्या' या तीन शब्दांत गावी परतलेल्या कामगाराचा हक्क सामावलेला आहे. मात्र ते शब्द जिवंत होतात ते खेड्यातील दवाखान्यात. तेथे खोकणाऱ्या माणसाचे छायाचित्र पाहून क्षय समजून औषध दिले जाते आणि प्रकरण संपते, असे वारंवार घडते; कारण दोन्ही रोगांचे दर्शन बरेचसे सारखे असते. पाणी, खेळती हवा आणि धुळीचे नमुने यांची व्यवस्था खाणीने राखावयाची आहे. निरीक्षकाने ती तपासावयाची आहे. आणि गावच्या डॉक्टरने खोकणाऱ्या रोग्याला रामाझिनीचा प्रश्न विचारून, उत्तरात खाण आली तर ते कागदावर उतरवावयाचे आहे. ती नोंद झाली, तरच त्या माणसाच्या विधवेला भरपाई मागता येईल, आणि तो ज्या खाणीत राबला तेथील हवा पुन्हा एकदा मोजण्याचे कारण कोणाला तरी मिळेल.