दार किती वाजता बंद होतं?

(संघटनेच्या कार्यकर्ता शिबिरात दुसऱ्या दिवशी दुपारी केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवून, थोडी काटछाट करून देत आहोत. – संपादक मंडळ)



काल रात्री भांडी घासताना दोघीतिघींनी मला विचारलं, "अगं, तू उद्या म्हणे अमेरिकेतल्या मुलांवर बोलणार. आपल्या वस्त्यांतले प्रश्न काय संपले?" प्रश्न रास्त आहे. संपले नाहीतच. पण आपल्या केंद्राची खोली रविवारी समलिंगी आणि ट्रान्स तरुणांच्या गटाला द्यावी का, हा विषय मागच्या दोन्ही बैठकांत निघाला आणि दोन्ही वेळा पुढे ढकलला गेला. तेव्हा जी कारणं निघाली – शेजारचे काय म्हणतील, जबाबदारी कुणाची, कार्यक्रम काय घेणार, रात्री उशीर झाला तर काय – ती सगळी मी न्यूयॉर्कमध्ये ऐकलेली आहेत. तिथे हा वाद पन्नास वर्षं चालला आहे. म्हणून आज तिकडचंच सांगणार आहे.

एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर काही वर्षांनी मला तिथल्या एका ड्रॉप-इन सेंटरमध्ये सहा महिने काम शिकायला मिळालं. ड्रॉप-इन सेंटर म्हणजे तरुण मुलांनी यावं, बसावं, खावं, अंघोळ करावी, कपडे धुवावेत आणि जावं अशी जागा. येणारी बहुतेक मुलं काळी किंवा लॅटिनो होती. कुणी घरातून निघालेली, कुणी काढलेली. गोरे नसलेल्या सगळ्यांना मिळून तिकडे 'पीपल ऑफ कलर' म्हणतात. आपण 'बहुजन' म्हणतो तसा, एकत्र येण्यासाठी स्वतःहून घेतलेला शब्द आहे तो.

पहिल्याच आठवड्यात एक मुलगी आली. एकोणीस-वीसची असेल. हातात कचऱ्याची काळी पिशवी, तिच्यात कपडे. मी शिकवल्याप्रमाणे हसून स्वागत केलं, खुर्ची दिली आणि चार पानी फॉर्म पुढे ठेवला. नाव, पत्ता, लैंगिक कल, एचआयव्हीची तपासणी कधी केली, पूर्वी कुठे मदत घेतली. ती दुसऱ्या पानापर्यंत आली आणि तिने विचारलं, "वॉशिंग मशीन चालू आहे का? आणि दार किती वाजता बंद होतं?" मशीन चालू होतं. दार सात वाजता बंद व्हायचं. तिने फॉर्म माझ्याकडे सरकवला, पिशवी उचलली आणि गेली. माझी वरिष्ठ सहकारी त्याच शहरात वाढलेली काळी बाई होती. ती मला ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "पत्त्याच्या रकान्यात तिने काय लिहावं असं तुला वाटत होतं?"

त्या मुलीच्या दोन प्रश्नांनी मला जे शिकवलं ते माझ्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात नव्हतं. मग मी हे सेंटर, अशी सेंटरं, आली कुठून हे शोधायला लागले.

तुमच्यापैकी अनेकींनी स्टोनवॉलचं नाव ऐकलं असेल. जून १९६९, न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधला बार, पोलिसांची धाड आणि लोकांनी केलेला प्रतिकार. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, सिल्व्हिया रिव्हेरा आणि मार्शा पी. जॉन्सन या दोघींनी 'स्टार' नावाचा गट काढला. सिल्व्हिया लॅटिना, आजीकडे वाढलेली, वयाच्या अकराव्या वर्षाच्या आसपास रस्त्यावर आलेली. मार्शा काळी. दोघी स्वतःच बेघर, आणि त्यांनी सुरू काय केलं, तर रस्त्यावरच्या लहान मुलांसाठी घर! आधी एका उभ्या ट्रकच्या डब्यात. सिल्व्हिया सांगत असे, एके सकाळी येऊन बघतो तर ट्रक चालू झालेला आणि आत मुलं झोपलेली. मग त्यांनी ईस्ट व्हिलेजमधल्या एका पडक्या इमारतीत भाड्याने जागा घेतली. भाडं भरायला मोठ्या दोघी शरीरविक्रय करत, ते मुलांना करावं लागू नये म्हणून. १९७१च्या उन्हाळ्यात त्यांना तिथून बाहेर काढलं गेलं. म्हणजे जेमतेम काही महिन्यांचं हे घर. ना नोंदणी, ना अनुदान, ना फॉर्म.

इथे एक जोड सांगते, कारण ती आपल्या घराजवळची आहे. ऑगस्ट १९७० मध्ये ब्लॅक पँथर पक्षाचे ह्यूई न्यूटन यांनी जाहीरपणे मांडलं की स्त्रीमुक्ती आणि समलिंगी मुक्तीच्या चळवळींशी आपण हात मिळवला पाहिजे. त्या पक्षात पुरुषी तोरा कमी नव्हता, तरीही. दोनच वर्षांनी, १९७२ मध्ये, आपल्याकडे दलित पँथर उभी राहिली आणि तिने नाव तिथूनच घेतलं. नाव आलं, तडफ आली. न्यूटन यांचं हे म्हणणं मात्र माझ्या वाचनात खूप उशिरा आलं, तेही इंग्रजीतून.

त्याच १९७२ च्या सुमाराला हार्लेममध्ये क्रिस्टल लाबेजाने 'हाऊस ऑफ लाबेजा' सुरू केलं. सौंदर्यस्पर्धांत गोऱ्या परीक्षकांकडून काळ्या स्पर्धकांना डावललं जातं म्हणून तिने आधी भर स्पर्धेत आवाज उठवला होता. हाऊस म्हणजे घर, आणि घराला आई असते, कधी वडीलही. घरातून टाकलेली मुलं या आईच्या हाताखाली राहायची, नाचायची, कपडे शिवायची, आणि 'बॉल' नावाच्या रात्रभराच्या स्पर्धांत उतरायची. तुम्हाला लगेच हिजडा घराण्यांतलं गुरू-चेल्याचं नातं आठवेल. दोन्ही एकमेकांपासून उगवलेली नाहीत, पण गरज तीच असावी. एड्सची साथ आली तेव्हा न्यूयॉर्कच्या एड्सविरोधी संस्थांना कळलं की आपली पत्रकं या मुलांपर्यंत पोचत नाहीत, बॉल पोचतो. मग १९९० च्या सुमारास संस्थेनेच एक हाऊस काढलं, 'हाऊस ऑफ लॅटेक्स'! लॅटेक्स म्हणजे निरोधाचं रबर. मला हे फार आवडतं. लोकांना आपल्या कार्यक्रमाला बोलावण्याऐवजी संस्था त्यांच्या कार्यक्रमाला गेली.

आता एका बाईबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण अशा इतिहासात बायका नेहमी तळटीपेत जातात. रूथ एलिस. काळी, समलिंगी, १८९९ चा जन्म. १९३७ मध्ये डेट्रॉइटला आली, आणि पुढे तिने घरातच छापखाना टाकला. चर्चची पत्रकं, दुकानांची कागदपत्रं असलं छापायची. काळ्या समलिंगी माणसांना शहरातल्या बारमध्ये थारा नव्हता. तेव्हा १९४६ पासून १९७१ पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षं, रूथ आणि तिची जोडीदार सेसिलीन यांचं घर हीच त्यांची जागा होती. शनिवार-रविवारी लोक जमत, नाचत, पत्ते खेळत. कुणाला निजायला जागा लागली तर मिळे, कॉलेजात जाणाऱ्या मुलांना थोडे पैसेही मिळत. पुढच्या खोलीत छापखाना, मागे नाच. १९९९ मध्ये तिच्या नावाने डेट्रॉइटमध्ये बेघर आणि घर सुटण्याच्या बेतात असलेल्या समलिंगी-ट्रान्स मुलांसाठी रूथ एलिस सेंटर सुरू झालं, ते बघायला ती होती. २००० मध्ये, १०१ वर्षांची होऊन गेली.

हे झालं लोकांनी स्वतः केलेलं. आता संस्थांचं.

१९७९ मध्ये एमरी हेट्रिक हे मनोविकारतज्ज्ञ आणि डेमियन मार्टिन हे प्राध्यापक यांनी न्यूयॉर्कमध्ये संस्था काढली. निमित्त होतं एका पंधरा वर्षांच्या मुलाचं. समलिंगी म्हणून त्याला निवाऱ्यात मारहाण झाली आणि निवाऱ्यातूनच काढून टाकलं. संस्थेने १९८५ मध्ये हार्वी मिल्क स्कूल ही छोटी शाळा सुरू केली, इतर शाळांत मार खाऊन शिक्षण सुटलेल्यांसाठी. काम मोलाचं, त्यात वाद नाही. १९९४ मध्ये ब्रुकलिनमध्ये ऑड्री लॉर्ड प्रोजेक्ट सुरू झाला. लॉर्ड ही काळी समलिंगी कवयित्री, कॅरिबियन स्थलांतरितांची मुलगी, १९९२ मध्ये वारली. तिच्या नावाच्या या गटाने चर्चच्या आवारातल्या घरात जागा घेतली, आणि चालवणारे आणि येणारे दोघेही गोरेतर, हे पहिल्यापासून ठरवलं.

पण संध्याकाळनंतर काय? मुलं कुठे जात, तर ग्रीनिच व्हिलेजच्या टोकाला, हडसन नदीवरच्या धक्क्यावर. ख्रिस्टोफर स्ट्रीट पियर. तिथे तिकीट नाही, वयाची अट नाही. हार्लेम, ब्रॉन्क्स, ब्रुकलिनहून पोरं येत. १९९० च्या दशकात सिल्व्हिया रिव्हेरा स्वतः काही काळ तिथेच झोपडं करून राहत होती. त्याच भागात समलिंगींचे प्रसिद्ध बार, पण तिथे वय हवं, पैसे हवेत आणि बऱ्याचदा कातडीही गोरी हवी. २००१ मध्ये धक्का उद्यानासाठी बंद झाला. २००३ मध्ये उघडला तो छान हिरवळ घेऊन, आणि रात्री एकची मुदत घेऊन. थोड्या वर्षांनी रहिवाशांनी मागणी केली की तो आणखी लवकर बंद करा. गोंगाट होतो, रस्त्यावर भांडणं होतात.

आता, रहिवासी खोटं बोलत नव्हते. रात्री एकला सगळ्यांना एकदम बाहेर काढलं की शेकडो मुलं एका रस्त्यानेच निघणार, आवाज होणारच. पण तक्रार करणाऱ्यांत समलिंगी रहिवासीही होते. ज्यांनी याच गल्ल्यांत कधी पोलिसांचा मार खाल्ला, त्यांच्यापैकी काहींना आता या मुलांसाठी पोलीस हवे होते. घरमालक झालं की माणूस बदलतो का? मी उत्तर देत नाही, आपल्या सोसायट्या डोळ्यांसमोर आणा.

याविरुद्ध उभी राहिली ती मुलंच. २००० मध्ये स्थापन झालेला 'फिअर्स' हा गोरेतर तरुणांचा गट. त्यांनी धक्क्याच्या इतिहासावर माहितीपट केला, बैठकांना रांगा लावून बोलले, आणि मुदत एकचीच राहिली. पुढे जवळच्या दुसऱ्या धक्क्यावर चोवीस तास उघडं तरुणांचं केंद्र हवं, अशी त्यांनी मागणी केली. ते मात्र झालं नाही.

चोवीस तास का, हे अली फॉर्नीमुळे समजतं. काळी व्यक्ती, तेराव्या वर्षाच्या आसपास घर सुटलेलं, कधी मुलगा कधी मुलगी म्हणून वावरणारी. रस्त्यावरच्या इतर मुलांना निरोध वाटायची, पोलिसांनी रस्त्यावरच्या मित्रमैत्रिणींच्या खुनांचा तपास करावा म्हणून मागे लागायची. डिसेंबर १९९७ मध्ये पहाटे हार्लेमच्या रस्त्यावर अलीला गोळी घातली गेली. वय २२. अलीला ओळखणाऱ्या कार्ल सिसिलियानो यांनी २००२ मध्ये अलीच्या नावाने निवारा सुरू केला. चर्चच्या तळघरात, सहा खाटांवर. आज ती संस्था मोठी आहे आणि तिचं ड्रॉप-इन सेंटर रात्रीही उघडं असतं.

आकडे दोनच सांगते. २०१२ मध्ये अमेरिकाभरच्या निवारा-संस्थांची पाहणी झाली, तेव्हा त्यांच्याकडे येणाऱ्या तरुणांत सुमारे ४० टक्के समलिंगी, उभयलिंगी किंवा ट्रान्स निघाले. २०१७ च्या शिकागो विद्यापीठाच्या पाहणीत अशा तरुणांना बेघर होण्याचा धोका इतरांच्या दुपटीहून जास्त आढळला. काळ्या तरुणांना तो ८३ टक्के जास्त. दोन्ही असेल तर काय, ते तुम्हीच बघा.

आणि आपली मुलं? न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये गुजराती, पंजाबी, बंगाली, मराठी, सगळी कुटुंबं आहेत. त्या घरांतली मुलं धक्क्यावर फारशी दिसत नसत. ती घरातच असतात, आणि तोच त्यांचा प्रश्न. त्यांना खाट नको असते, दुपारी दोन तास खोटं न बोलता बसायला जागा हवी असते. १९८६ पासून सॅन फ्रान्सिस्कोत 'त्रिकोण' आणि नंतर न्यूयॉर्कमध्ये 'साल्गा' अशा गटांनी ती केली. साल्गाला १९९० च्या दशकात न्यूयॉर्कच्या इंडिया डे परेडमध्ये चालू दिलं गेलं नाही. म्हणजे गोऱ्यांच्या बारमध्ये उपरे आणि भारतीयांच्या मिरवणुकीत बेघर.

पैशाचं सांगून थांबते. सरकारी पैसा आला की मोजणी येते. किती तपासण्या, किती समुपदेशनं. कपडे धुतले, झोप झाली, कुणी रागावलं नाही, याला रकाना नसतो. आणि पैसा जातोही. आत्महत्येच्या विचारात असलेल्या समलिंगी-ट्रान्स तरुणांसाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय ९८८ फोनसेवेत २०२२ पासून वेगळा पर्याय होता. जुलै २०२५ मध्ये सरकारने तो बंद केला. स्टारच्या दोघींना निदान आपलं दार बंद करणारा घरमालक समोर तरी दिसत होता!

आता आपल्या खोलीबद्दल. तिच्या तीन किल्ल्या आहेत. एक कार्यालयात, एक ताईंकडे, एक हरवलेली. रविवारी खोली रिकामी असते. शेजारच्या काकूंशी मी परवा बोलले. त्यांची अट एकच आहे, चपला जिन्यात पसरायच्या नाहीत. पुढच्या बैठकीत मला तीन गोष्टींचा निर्णय हवा आहे: हरवलेली किल्ली नव्याने करून ती गटातल्याच कुणाकडे द्यायची का, पहिल्या सहा महिन्यांत एकही फॉर्म भरून न घेण्याचं कबूल करायचं का, आणि रात्री दार किती वाजता बंद करायचं. तिसऱ्यासाठी माझं म्हणणं साडेनऊ आहे. शेवटची बस दहाला असते.