अर्जावरील दोन शब्द
(वार्षिक संमेलनातील भाषण)



मुलांनी संगणकाचा कोर्स केला, आता नोकरी लागेल ना, असे पालक मला नेहमी विचारतात. डेटाच्या कामासाठी येणाऱ्या अर्जांवर ‘एसक्यूएल’ आणि ‘पॉवर बीआय’ हे दोन शब्द हल्ली सर्रास असतात. पहिली, साठवलेल्या माहितीतून हवे ते शोधून काढण्याची भाषा. दुसरे, त्या माहितीचे आलेख काढण्याचे साधन. परंतु मुलाखतीत प्रत्यक्ष काम दिले की दोन्ही येणारा उमेदवार क्वचितच भेटतो. एकजण आलेख सुरेख काढतो, पण तयार फाइल हातात दिली तरच. दुसरा माहिती अचूक काढतो आणि हजार ओळींचा तक्ता साहेबांपुढे ठेवतो.

दोन्ही एकालाच का यावे? आपल्याच जिल्ह्याचे पाहू. २०११ च्या जनगणनेत तो ‘उस्मानाबाद’ आहे, लोकसंख्या १६,५७,५७६. २०२३ मध्ये नाव ‘धाराशिव’ झाले. आता एक जुना व एक नवा तक्ता जिल्ह्याच्या नावावरून जोडा. नावे जुळत नाहीत, म्हणून साध्या जोडणीत संगणक आपला जिल्हा मुकाट्याने गाळतो. आलेख मात्र देखणाच निघतो. फक्त साडेसोळा लाख माणसे त्यात नसतात! नुसता आलेख येणाऱ्याला जोडणीत काय झाले ते कळत नाही. नुसती एसक्यूएल येणारा नकाशा काढून पाहत नाही, नाहीतर मधली रिकामी जागा त्याला दिसली असती. नावाऐवजी जिल्ह्याच्या संकेतांकावरून जोडले की काम भागते.

हे आकडे शोभेचे नव्हेत. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात आपला जिल्हा निवडला गेला, आणि त्यात ४९ निर्देशकांवर जिल्ह्यांची प्रगती मोजण्याचे ठरले.

तेव्हा दोन क्लासच्या फीची घाई नको. (प्रमाणपत्रांची जाड फाइल मुलाखतीत फारसे कोणी चाळत नाही, हे पालकांनीही ध्यानात घ्यावे.) ‘एसक्यूलाइट’ फुकट मिळते. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा, वाशी या आठ तालुक्यांचा एक तक्ता करा, महिनावार पावसाचा दुसरा. ते जोडा व स्तंभालेख काढा. उभा अक्ष शून्यापासून घ्या, नाहीतर बोटभर फरक डोंगराएवढा दिसतो. मग तो घरी वडिलांना दाखवा. भूमला जास्त की परंड्याला, हे त्यांना न विचारता कळले, तर तोच कागद अर्जासोबत जोडा.