वारा सुटला आहे, लवकर निघ



जपानमधील वास्तव्याविषयी दोन शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली आहे. तेथील उद्योग आणि शिस्त यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी शेजारणींविषयी बोलणार आहे.

इचिकावा हे चिबा प्रांतातील शहर, नदी ओलांडली की टोकियो. तेथील ग्योतोकु भागात आम्ही चार वर्षे राहिलो. नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबे आसपास होती. बेने इस्राएल मात्र आमचे एकच घर. टोकियोत हिरो येथे यहुदी समाजाचे केंद्र आहे, परंतु शब्बाथला तेथवर पायी जाणे अशक्य.

रविवारी आम्ही चौघी चहाला जमत असू. सेई शोनागोन या दरबारी स्त्रीने इ. स. १००० च्या सुमारास ‘माकुरा नो सोशी’ हा ग्रंथ लिहिला. त्यात मनाला सुखावणाऱ्या आणि चीड आणणाऱ्या गोष्टींच्या याद्या आहेत. आमच्याही याद्या चालत. चुकीच्या दिवशी ठेवलेली कचऱ्याची पिशवी चिठ्ठी डकवून तेथेच सोडली जाते, आणि ती कोणाची हे इमारतीत कोणी न बोलताही सर्वांना कळते, ही पहिल्या क्रमांकाची चीड! सुखाच्या यादीत इचिकावाची रसाळ नाशी फळे. नव्याच्या सणाच्या दुसऱ्या रात्री नवे फळ म्हणून आम्ही तेच ठेवीत असू. हलव्यासाठी चायना ग्रास शोधावे लागले नाही. तेथे ते कान्तेन या नावाने कोणत्याही दुकानात मिळते. ढवळण्याच्या पाळ्या मात्र चौघींनी वाटून घेतल्या होत्या.

आता शुक्रवारची गोष्ट. मुंबईत डिसेंबरातही सूर्य सहापर्यंत असतो; तेथे साडेचारलाच मावळतो. दिवे त्यापूर्वी लावायचे, म्हणजे कचेरीतून तीनच्या आत निघणे आले. त्यातून आमची मेट्रो आराकावा नदीच्या उघड्या पुलावरून जाते. १९७८ साली तेथे वावटळीने गाडीचे डबे उलटले होते. जोराचा वारा असला की गाड्या थांबवतात, आणि ते योग्यच आहे. एका शुक्रवारी मी अशीच अडकले. सूर्यास्त गाडीतच झाला. यजमान परगावी होते. घरी आले तेव्हा मेणबत्त्या सकाळी मांडून ठेवल्या होत्या तशाच होत्या. लग्नानंतर असे प्रथमच घडले होते.

खालच्या मजल्यावरील कोल्हापूरच्या वहिनी वर आल्या. अंधार पाहून त्यांचा हात सवयीने बटणाकडे गेला आणि तसाच मागे आला. मार्गिकेतील उजेड आत यावा म्हणून त्यांनी दार उघडे ठेवले. सांत्वन केले नाही, उपदेशही नाही. त्या आठवड्यात मासळीच्या काट्यांची त्यांची पिशवी दोनदा परत आली होती, ती हकीकत त्यांनी साभिनय सांगितली. मला रडू येत होते, आणि हसूही आवरत नव्हते.

पुढच्या शुक्रवारपासून दुपारी दोनच्या सुमारास त्यांचा निरोप येऊ लागला : ‘वारा सुटला आहे, लवकर निघ.’ वारा नसला तर ‘आज झाडे स्तब्ध आहेत.’ त्यानंतर आमचे दिवे कधी चुकले नाहीत.

आम्ही ठाण्याला परतून बरेच दिवस झाले. येथे ना तो पूल, ना ती मेट्रो. तरी काल दुपारी दोन वाजता निरोप आलाच : ‘इचिकावात आज फार वारा आहे. तुझे दिवे लागले का?’ मी लिहिले, ‘वहिनी, येथे अजून ऊन आहे.’