एका ग्लासात ज्वारी किती?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज मी बिअरवर बोलणार आहे. मागच्या रांगेतली तरुण पोरे हसायला लागली आणि पुढच्या रांगेतल्या मायबहिणींच्या कपाळावर आठ्या पडल्या, दोन्ही मला इथून दिसते आहे. थोडा धीर धरा. मी कोणाला प्यायला सांगायला आलेलो नाही. आपल्या जिल्ह्यातल्या काही पोरांकडे पुण्याच्या एका बिअरवाल्याने ६० क्विंटल रब्बी ज्वारीची मागणी केली आहे. बाजारभावापेक्षा क्विंटलला ४०० रुपये जास्त देतो म्हणतो. पोरांनी मला विचारले, काका, सही करायची का? मी म्हटले, आधी जाऊन बघून येतो, मग सांगतो.

माझा भाचा पुण्यात नोकरीला आहे. त्याच्याबरोबर गेलो. पुण्यात २००९ साली डूलाली नावाने अशी पहिली छोटी ब्रुअरी निघाली आणि आता या शहरात अशा बऱ्याच झाल्या आहेत. मोठ्या कारखान्याची बाटलीबंद बिअर नाही. तिथेच टाकीत तयार होते आणि तिथेच नळाने ग्लासात येते. त्यांच्या भाषेत क्राफ्ट बिअर. मी ज्या ठिकाणी गेलो त्याचे नाव सांगत नाही, कारण पुढे थोडे वाईटही सांगणार आहे. दरपत्रकावर ‘ज्वारीची बिअर’ असे लिहिलेले. अर्ध्या लिटरचा ग्लास ४२५ रुपये, कर वेगळा. माझ्या पोटात गोळाच आला. अकरा-बारा किलो ज्वारीचे पैसे एका ग्लासात!

चव कशी होती? आधी गव्हाची म्हणून एक दिली, ती गढूळ, आणि वास पिकल्या केळ्याचा. भाचा म्हणाला, केळे घातलेले नाही, यीस्टमुळे तसा वास येतो, तसाच यायला हवा. ज्वारीची हलकी होती, शेवटाला जिभेवर कोरडी. वाईट नव्हती. पण आमच्या शेजारच्या माणसाने दुसरीच कुठली तरी मागवली होती, तिला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येत होता. त्याने ग्लास परत पाठवला. ही बिअर गाळून, तापवून बाटलीत बंद केलेली नसते. थंड आणि ताजी असेतोवर चांगली, काही आठवड्यांत शिळी. ४२५ रुपये घेऊन शिळी पाजली की गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. म्हणजे त्या धंद्यातही माल खराब निघाला की दुकानदारच बुडतो, एवढे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

बिअर बनवणारा पोरगा भला होता. शेतकरी आहे म्हटल्यावर टाक्या दाखवल्या. मी विचारले, यात ज्वारी किती? तो म्हणाला, पाचवा हिस्सा. बाकीचे जव, ज्याला आपण सातू म्हणतो, त्याचे माल्ट.

माल्ट म्हणजे काय ते मायबहिणींना सांगायला नको. नाचणीचे सत्त्व करताना आपण धान्य भिजवतो, मोड आणतो, वाळवतो, भाजतो, दळतो. तेच. मोड येताना दाण्यात जे द्रव्य तयार होते ते पिठाची साखर करते. गरम पाण्यात ती साखर उतरवायची, हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुले घालून उकळायचे, थंड करायचे आणि यीस्ट सोडायचे.

आता ज्वारीची अडचण ऐका. ज्वारीच्या पिठाला उकळते पाणी लागते हे भाकरी थापणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. गार पाण्यात ते चिकट होत नाही. बिअरवाल्याचीही तीच अडचण. सातूचे पीठ ज्या कोमट-गरम पाण्यात विरघळते त्यात ज्वारीचे विरघळत नाही, तिला वेगळे जास्त तापवावे लागते. दुसरे असे की सातूच्या दाण्याला टरफल असते आणि त्या टरफलांचीच गाळणी होते. ज्वारीचा दाणा उघडा. त्याने पहिल्यांदा ज्वारी जास्त घातली तेव्हा टाकीत लगदा बसला, खाली थेंब उतरेना. ५०० लिटर माल गटारात सोडला म्हणाला. तिसरे म्हणजे, साखर करणारे द्रव्य ज्वारीच्या मोडात सातूपेक्षा कमी. आणि मोडाच्या कोंबात-मुळ्यांत विष. त्यात नवल नाही, कोवळ्या ज्वारीचा फुटवा खाऊन जनावर दगावते ते याच विषाने. म्हणून माल्ट करताना कोंब-मुळ्या झाडून टाकाव्या लागतात आणि दाणा नीट भाजावा लागतो.

एवढे सगळे असूनही तो ज्वारी का घालतो? एक, गिऱ्हाइकाला सांगायला गोष्ट मिळते. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष होऊन गेले. त्या वर्षी ज्वारीला सरकारने ‘श्री अन्न’ म्हटले, भाव मात्र साध्या अन्नाचाच राहिला. शहरात त्या नावाची हवा झाली. दोन, ज्वारीत ग्लुटेन नसते. गव्हा-सातूतले हे द्रव्य ज्यांना सोसत नाही त्यांच्यासाठी अमेरिकेत २००६ साली रेडब्रिज नावाची ज्वारीची बिअर निघाली.

मग मी विचारले, ज्वारी आणतोस कुठून? तो म्हणाला, मॉलमधून. पाच-पाच किलोची पाकिटे. मी म्हटले, वेड्या, मोंढ्यात पोती मिळतात. तो म्हणाला, आणली होती. पोते उघडले तर तीन जातींची ज्वारी, काही दाणे काळे, काही किडके, आणि मोड आणायला भिजवली तर निम्मी उगवलीच नाही. भावांनो, त्याचे खरे होते. व्यापारी दहा घरांची ज्वारी एकत्र ओततो, कारण भाकरी खाणारा उगवण विचारत नाही. माल्ट करणाऱ्याला मात्र बियाण्यासारखा जिवंत दाणा लागतो.

आता हिशेब करू. कोणाकडे कागद असेल तर मांडा. चांगल्या बिअरच्या एका लिटरला साधारण २०० ग्रॅम धान्य लागते. अर्ध्या लिटरला १००. त्यात ज्वारी पाचवा हिस्सा, म्हणजे २० ग्रॅम. २०२५-२६ च्या हंगामासाठी संकरित ज्वारीचा हमीभाव ३६९९ रुपये होता, मालदांडीचा ३७४९. म्हणजे किलोला साडेसदतीस रुपये धरा. २० ग्रॅमचे झाले पाऊण रुपया. ४२५ रुपयांच्या ग्लासात ज्वारी पाऊण रुपयाची! आणि क्विंटलला हजार रुपये वाढवून दिले तर त्याचा ग्लास किती महागेल? वीस पैसे.

बाकीचे पैसे जातात कुठे? जागेचे भाडे, माणसांचे पगार, टाक्या थंड ठेवायची वीज, परदेशातून आलेले माल्ट आणि हॉप्स, आणि सरकार. दारू जीएसटीच्या बाहेर ठेवली आहे, म्हणून राज्याला तिच्यावर हवा तसा कर लावता येतो. परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ मध्ये ५ टक्क्यांवरून एकदम १० टक्के केला. त्या पोराला मी लुटारू म्हणणार नाही, त्याची वही मी पाहिलेली नाही. पण उद्या तो किंवा त्याचा मॅनेजर म्हणाला की ज्वारी स्वस्त मिळाली नाही तर परवडत नाही, तर हा वीस पैशांचा हिशेब त्याच्यापुढे ठेवा.

त्याचीही एक बाजू आहे, ती लपवणे बरे नाही. सातूचा हमीभाव २०२५-२६ च्या रब्बी विक्री हंगामात १९८० रुपये होता. ज्वारीच्या जवळजवळ निम्मा. म्हणजे स्वस्त पडते म्हणून कोणी ज्वारीकडे येणार नाही. येईल तो दाण्याच्या गुणासाठी. आणि गुणाची किंमत बाजारभावावर चार आणे ठेवून ठरत नाही. मळणीच्या वेळी बाजार २४०० वर आला तर हा ४०० जास्त देऊन २८०० देणार. हमीभावाच्या नऊशे रुपये खाली! आणि आपण खूष, की चारशे जास्त मिळाले.

काही जण म्हणतील, पावसात काळी पडलेली खरीप ज्वारी तरी या लोकांनी घ्यावी. हे जुने गाजर आहे. २००७ साली महाराष्ट्र सरकारने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांसाठी अनुदानाचे धोरण आणले, लिटरमागे दहा रुपये. सांगितले हेच, की शेतकऱ्याच्या काळ्या ज्वारीला गिऱ्हाईक मिळेल. परवाने कोणाच्या घरात गेले यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरले. आपल्या काळ्या ज्वारीचा भाव किती वाढला, हे तुमचे तुम्हाला माहीत. जून २०२५ मध्ये पुन्हा धान्यापासूनच्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’चा नवा प्रकार काढला, १८० मिलीची किमान किंमत १४८ रुपये. पुन्हा तेच भाषण ऐकू येईल. मद्यार्काच्या भट्टीत वाफ वेगळी काढतात, म्हणून तिथे कसाही दाणा खपतो आणि भावही तसाच मिळतो. बिअरमध्ये दाण्याचा वास, चव, बुरशी सगळे ग्लासात उतरते. आणि बुरशीची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. १९९५ साली दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत भिजलेली, बुरशी आलेली ज्वारी आणि मका खाऊन माणसे आजारी पडली होती.

आफ्रिकेत ज्वारीची बिअर शेकडो वर्षांची आहे. तिथल्या बायका ती घरी करत. आपल्याला शिकण्यासारखी आहे ती कारखान्यांची हकिकत. नायजेरियाने १९८८ पासून सातूची आयात बंद केली आणि मोठमोठ्या ब्रुअऱ्यांना ज्वारी-मक्यावर यावे लागले. युगांडात सेरेरे केंद्रातली एपुरीपूर ही पांढरी ज्वारी घेऊन २००२ च्या सुमारास ईगल लागर निघाली. देशी धान्य वापरते म्हणून तिच्यावर कर कमी. केनियात २००४ साली सिनेटर नावाची स्वस्त बिअर निघाली. लोकांनी विषारी हातभट्टी सोडावी म्हणून सरकारने तिचा कर माफ केला. पुढे ती ज्वारीपासून होऊ लागली, शेतकऱ्यांनी कराराने ज्वारी पेरली. २०१३ साली सरकारला पैशांची गरज लागली, निम्मा कर पुन्हा बसवला. बिअर महागली, खप कोसळला, कारखान्याने ज्वारीची खरेदी आखडली. शेतकऱ्याची ज्वारी घरात. २०१५ साली सवलत परत आली, पण मधल्या दोन हंगामांचे काय? ज्या पिकाचा भाव सरकारच्या करावर उभा आहे त्याच्यावर सगळे रान पेरायचे नसते.

आमच्या पोरांना सगळे रान पेरायचेच नाही. एक छोटी ब्रुअरी रोज ५०० लिटर करते असे धरा. रोजचे धान्य १०० किलो, त्यात ज्वारी २० किलो. ३०० दिवसांचे झाले ६० क्विंटल. कोरडवाहू रब्बीत दहा-पंधरा एकरांत होते. म्हणजे दोन-तीन घरांचे काम. उद्या पुण्यातल्या सगळ्यांनी ज्वारी घ्यायची म्हटली तरी एखाद-दुसऱ्या गावाची ज्वारी पुरेल. जिल्ह्याचा ज्वारीचा प्रश्न क्राफ्ट बिअरने सुटेल असे कोणी सांगत असेल तर त्याला चहा पाजा आणि रवाना करा.

आता मायबहिणींच्या आठ्यांकडे येतो. गावातले दुकान बंद करायला तुम्ही उभ्या राहिलात तेव्हा मी बरोबर होतो. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली, चंद्रपुरात २०१५ साली झाली आणि २०२१ साली उठली, ते सगळे तुम्हाला ठाऊक आहे. कापूस विकताना त्याचे कापड कोण नेसतो हे आपण विचारत नाही, मग ज्वारीचे का विचारायचे, असे एक पोरगा मला म्हणाला. मी त्याला म्हटले, सदरा अंगात घालून कोणी बायकोला मारत नाही. म्हणून ज्या घरात बाईची ना असेल त्या घराने या सौद्यात येऊ नये. पुरुषाने एकट्याने सही करायची नाही. पोरांनी हे मान्य केले आहे.

ज्यांना यायचे आहे त्यांनी ऐका. भाव पेरणीच्या आधी, कागदावर, रुपयांत. हमीभावाच्या वर किती ते लिहायचे, ‘बाजारभावापेक्षा’ हा शब्द खोडायचा. जात एकच, मालदांडी. मोहोळच्या केंद्रावर निवडलेली एम ३५-१. लाल ज्वारी नको. पाखरे जिला तोंड लावत नाहीत तो तुरटपणा बिअरलाही नडतो. मळणी स्वच्छ खळ्यावर, शेजाऱ्याचे पोते मिसळायचे नाही. उगवण गावातच तपासायची: शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि चौथ्या दिवशी दोघांसमोर मोजायचे, आपला एक माणूस आणि त्याचा एक. नव्वदाच्या वर निघाले की माल पसंत, मग पुण्यात गेल्यावर ‘हलका निघाला’ म्हणून कापायचे नाही. नमुन्याच्या दोन पिशव्या शिवायच्या, एक आपल्याकडे राहील. वाहतूक त्याची. कडबा आपला, त्यावर त्याचा हक्क नाही. आणि टाकीतून जो चोथा निघतो तो जनावरे आवडीने खातात. ज्वारी टाकून गाडी रिकामी येते, तिच्यातून तो फुकट भरून द्यायचा असे मी बोलून आलो आहे. त्याने हो म्हटले आहे, पण तेही लिहून घ्या.

बियाणे सगळ्यांनी एकाच ठिकाणचे घ्यायचे आहे. हस्ताच्या पावसाआधी रान तयार पाहिजे. नावे मंडपाच्या दाराशी बसलेल्या पोरांकडे द्या, नवरा-बायको दोघांचीही.